गोल्फचें मैदान आणि वर्दींतले थोरले भाऊ

गोल्फ हा खेळ आपल्यापैकीं बहुतेकांनीं लांबूनच पाहिलेला असतो. मुंबईस चेंबूरकडून जातांना किंवा पुण्यास येरवड्याच्या बाजूला फिरावयास गेलें असतां कुंपणापलीकडे एक विस्तीर्ण हिरवळ दिसते. तिच्यावर दोनचार माणसें संथपणें चालत असतात, मध्येंच एकजण थांबून चेंडूला टोला मारतो, आणि मग सारेजण त्या चेंडूच्या शोधार्थ पुढें निघतात. हा खेळ म्हणावा कीं नुसतें फिरणें म्हणावें, असा पाहणाराला प्रश्न पडतो. अशा या सावकाश, खर्चिक आणि कांहींशा बडेजावाच्या खेळाचा संबंध एखाद्या एकाकी मुलाच्या आयुष्याशीं असेल, असें सहसा आपल्या मनांत येणार नाहीं.

अमेरिकेंत मात्र हा संबंध जोडला गेला आहे. तेथें लष्करी तळांच्या आसपास वसलेल्या शहरांतून गोल्फचे कांहीं सामने खास धर्मादाय हेतूनें भरवितात. खेळणारे प्रवेशवर्गणी भरून खेळतात. सैन्यांतील ज्या स्त्रीपुरुषांनीं परक्या मुलांचा हात हातांत घेतला त्यांचा त्या दिवशीं सत्कार होतो. आणि जमलेला पैसा अशाच आणखी जोड्या जुळविण्याच्या कामीं लागतो. हा प्रकार काय आहे, त्यांतून पैसा कसा उभा राहतो, आणि मुख्य म्हणजे तो कशासाठीं लागतो, हें आज आपल्यापुढें मांडण्याचा विचार आहे. कारण यांतली तिसरी गोष्ट वाटते तितकी उघड नाहीं. मुलाशीं मैत्री करणारा मनुष्य जर एक पैसाही घेत नाहीं, तर एवढा पैसा जमवावयाचा कशाला?

आधीं नांवापासून सुरवात करूं. मुलाच्या पाठीशीं उभ्या राहणाऱ्या अशा वडीलधाऱ्या स्नेह्याला इंग्रजींत 'मेंटॉर' म्हणतात. हें मूळचें विशेषनाम आहे. होमराच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यांत इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धावर निघतो, तेव्हां त्याचा मुलगा टेलेमाकस अगदीं तान्हा असतो. घरादाराची निगा राखण्याचें काम राजा आपल्या मेंटॉर नांवाच्या मित्रावर सोंपवितो. युद्ध दहा वर्षें चालतें आणि परतीच्या वाटेवर आणखी दहा वर्षें जातात. बापाचा चेहराही न आठवणारा तो मुलगा वयांत येतो, आणि त्याला धीर देण्यासाठीं अथीना देवी येते ती याच मेंटॉरचें रूप घेऊन. पुढें इ. स. १६९९ मध्यें फेनलाँ या फ्रेंच लेखकाची टेलेमाकसच्या प्रवासावरील कादंबरी प्रसिद्ध झाली. तींत मेंटॉरला फार मोठें स्थान आहे. या पुस्तकाचा युरोपांत एवढा प्रसार झाला, कीं हळूहळू मेंटॉर हें सामान्यनाम होऊन बसलें. तेव्हां शिपाई लढाईवर गेला आणि मुलगा मागें राहिला, या प्रसंगांतूनच हा शब्द जन्मला आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्या 'गुरु' या शब्दाशीं तो तंतोतंत जुळत नाहीं. गुरु विद्या देतो आणि शिष्य ती घेण्यासाठीं गुरूच्या घरीं जातो. मेंटॉर हा मुलाच्या जगांत येतो, आणि विद्येपेक्षांही सोबत देतो. आपल्या एकत्र कुटुंबांत हें काम कोणी कोणाला न सांगतां होत असे. पोहावयास मामानें शिकवावें, सायकलीवर चुलतभावानें बसवावें, आणि बापाशीं बोलतां येत नाहीं तें आत्याच्या यजमानांशीं बोलावें, अशी वांटणी आपोआप ठरून गेलेली असे. जेथें असें गोत जवळ नाहीं, किंवा असूनही कामाचें नाहीं, तेथें मुलानें कोणाकडे जावें?

या प्रश्नाला न्यूयॉर्क शहरांत १९०४ सालीं एक साधें उत्तर सांपडलें. तेथील बालन्यायालयांत अर्नेस्ट कोल्टर नांवाचे गृहस्थ क्लार्कच्या हुद्द्यावर होते. चोऱ्यामाऱ्या आणि उनाडक्या करतांना पकडलेलीं मुलें रोज त्यांच्या डोळ्यांपुढून जात. मुलाला शिक्षा झाली किंवा तो सुटला, तरी पुन्हां तो त्याच गल्लींत आणि त्याच सोबत्यांत जाणार, हें त्यांना दिसत होतें. त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत एका चर्चमधील पुरुषांच्या मंडळापुढें त्यांनीं भाषण केलें. त्यांची मागणी एवढीच होती, कीं प्रत्येकानें एका, फक्त एका मुलाशीं मैत्री करावी. सुमारें चाळीसजण तयार झाले. 'बिग ब्रदर्स' म्हणजे थोरले भाऊ, ही चळवळ येथून उभी राहिली. मुलींसाठीं थोरल्या बहिणींच्या संस्थाही याच सुमारास निघाल्या होत्या. पुढें १९७७ सालीं हे दोन्ही प्रवाह एकत्र येऊन 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ऑफ अमेरिका' ही संस्था झाली.

थोरल्या भावानें करावयाचें काय? पाहूं गेलें तर फारसें कांहींच नाहीं. महिन्यांतून दोनचार वेळां, दोनचार तास, मुलाबरोबर घालवावयाचे. कधीं चेंडू खेळावा, कधीं सायकल दुरुस्त करावी, कधीं वाचनालयांत जावें, आणि कधीं नुसतेंच बोलत बसावें. त्यानें बापाची जागा घ्यावयाची नाहीं, मास्तर व्हावयाचें नाहीं, आणि पोलिसाप्रमाणें चौकशी तर मुळींच करावयाची नाहीं. येईन म्हटल्या दिवशीं यावें, एवढें एकच व्रत कडक आहे.

आतां सैन्याचा संबंध पाहूं. तो दोन बाजूंनीं येतो. लष्करी तळ ज्या शहराजवळ असतो तेथें हजारों तरुण सैनिक राहत असतात. त्यांतील कित्येक अवघे वीस-बावीस वर्षांचे. स्वतःचें घर व धाकटीं भावंडें हजार मैलांवर सोडून आलेले. गांवांतील ज्या मुलाला कोणी थोरलें माणूस हवें आहे, त्याला असा सैनिक थोरला भाऊ म्हणून लाभतो. वेळेवर येण्याची त्याला संवय असते, कष्टाचें वावडें नसतें, आणि त्याच्या वर्दीचें मुलाला अप्रूप असतें. मात्र हें अप्रूप पहिल्या दोन भेटींपुरतेंच टिकतें. पुढें मूल वर्दीकडे पाहत नाहीं, घड्याळाकडे पाहतें.

दुसरी बाजू सैनिकांच्या स्वतःच्या मुलांची. २००१ सालानंतर अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांमुळें, बाप किंवा आई दूर रणभूमीवर गेली आहे असा अनुभव सुमारें वीस लाख अमेरिकन मुलांना आला. शिवाय सैन्यांत दर दोनतीन वर्षांनीं बदली ठरलेली. बालवर्गापासून शाळा संपेपर्यंत सैनिकाच्या मुलाला सरासरीनें सहा ते नऊ वेळां बिऱ्हाड बदलावें लागतें, असें तेथें सांगतात. एक शाळा, एक बांक, एक मित्र जमतो न जमतो तोंच सामान पुन्हां बांधावयाचें. अशा मुलांसाठींही थोरले भाऊ व थोरल्या बहिणी शोधल्या जातात, आणि पुष्कळदां त्या तळावरीलच असतात. कारण बाप आघाडीवर असलेल्या घरांत रात्रीं टेलिफोन वाजला म्हणजे काय होतें, हें त्यांना समजावून सांगावें लागत नाहीं.

परंतु यासाठीं गोल्फच कां? याचें कारण असें, कीं या खेळाची दानधर्माशीं व सैन्याशीं अमेरिकेंत जुनी ओळख आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, तेथील राष्ट्रीय खुली स्पर्धा न भरवितां तिच्या जागीं रेडक्रॉसच्या मदतीसाठीं सामना भरविण्यांत आला. पुढें जगप्रसिद्ध झालेला बॉबी जोन्स तेव्हां मिसरूडही न फुटलेला पोर होता. त्यानेंही रेडक्रॉसच्या निधीसाठीं गांवोगांव प्रदर्शनीय सामने खेळून दाखविले. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, राष्ट्रीय स्पर्धा पुन्हां बंद होती. तेव्हां शिकागो येथें आरमाराच्या मदतनिधीसाठीं व सैनिकांच्या सोयींसाठीं जो मोठा सामना झाला तो बेन होगन यानें जिंकला. यांच्या मधल्या काळांत, १९३७ सालीं, बिंग क्रॉस्बी या लोकप्रिय गायकानें सॅन डिएगो शहराजवळ नामांकित धंदेवाईक खेळाडू आणि हौशी मित्रमंडळी यांना एकत्र खेळविण्याची प्रथा पाडली. १९४७ पासून हा मेळावा पेबल बीच येथें भरूं लागला. नामांकित खेळाडूच्या जोडीनें खेळावयास मिळतें म्हटल्यावर श्रीमंत मनुष्य खिशांत हात घालतो, हें या प्रथेनें सिद्ध केलें. १९३८ सालीं धंदेवाईक खेळाडूंच्या एका स्पर्धेंतून दहा हजार डॉलरची पहिली देणगी निघाली, आणि २०२० सालापर्यंत त्यांच्या मुख्य स्पर्धामालिकेनें धर्मादाय दिलेली एकूण रक्कम तीन अब्ज डॉलरांच्या वर गेली.

नुकताच ज्या सॅन डिएगोचा उल्लेख आला, त्या शहराच्या उत्तरेस समुद्राच्या कड्यावर टॉरी पाइन्स नांवाचें एक प्रसिद्ध मैदान आहे. १९५७ पासून तेथें गोल्फ खेळतात. मैदान शहराच्या मालकीचें आहे. परंतु १९४१ ते १९४५ या काळांत त्याच भूमीवर कॅम्प कॅलन नांवाची लष्करी छावणी होती, आणि विमानविरोधी तोफांचें शिक्षण घेऊन तेथून तरुण लढाईवर जात. युद्ध संपल्यावर छावणीच्या इमारती मोडल्या, आणि त्यांचें लांकूड परत आलेल्या सैनिकांच्या घरांसाठीं वापरलें गेलें. त्याच मैदानावर २००८ सालीं टायगर वुड्स यानें पायाचें हाड दुखावलेल्या अवस्थेंत अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. त्याचे वडील अर्ल वुड्स दोन वर्षांपूर्वींच वारले होते. ते सैन्यांत लेफ्टनंट कर्नल होते, विएतनामांत दोनदां जाऊन आले होते, आणि स्वतः गोल्फ शिकले ते बेचाळिसाव्या वर्षीं. मुलाला त्यांनीं 'टायगर' म्हणावयास सुरवात केली ती एका विएतनामी अधिकाऱ्याच्या आठवणीसाठीं. युद्धांत पाठीशीं उभ्या राहिलेल्या त्या मित्राला ते याच नांवानें हांक मारीत. चेंडू टोलवितांना मुलाच्या मागें मुद्दाम आवाज करून त्याची एकाग्रता कसाला लावणारा हा बाप एका अर्थीं लष्करी मेंटॉरच होता. फरक एवढाच, कीं टायगरला तो घरांतच मिळाला होता.

आतां प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशीं काय होतें तें पाहूं. गोल्फचें पुरें मैदान अठरा होलांचें असतें. एरव्हीं खेळाडू पहिल्या होलापासून एकामागून एक निघतात, आणि शेवटची टोळी परत येईपर्यंत संध्याकाळ होते. धर्मादाय सामन्याला हें परवडत नाहीं, कारण सर्वांना एका वेळीं जेवणाला आणि सत्काराला बसवावयाचें असतें. म्हणून प्रत्येक होलापाशीं चारचौघांची एक किंवा दोन टोळकीं उभीं करतात, आणि इशारा होतांच सारीं एकदम सुरवात करतात. अठरा होलांवर प्रत्येकीं आठ याप्रमाणें एकशें चव्वेचाळीस माणसें एकाच वेळीं खेळूं शकतात. या प्रकाराला 'शॉटगन' म्हणतात, कारण १९५६ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील एका क्लबांत हा इशारा खरोखरीच बंदूक झाडून दिला होता. आतां बहुधा भोंगा वाजवितात.

दुसरी अडचण अशी, कीं वर्गणी भरणारांत उत्तम खेळणारे थोडे आणि चेंडूऐवजीं मातीच उडविणारे पुष्कळ. त्यांना लाज वाटूं नये व सामना रेंगाळूं नये म्हणून एक युक्ति आहे. चौघेही टोला मारतात. ज्याचा चेंडू सर्वांत चांगल्या जागीं पडला असेल तेथें चौघेही जातात, आणि पुढचा टोला तेथून मारतात. त्यामुळें कच्च्या गड्याचे नव्वद टोले वायां गेले तरी चालतात. एखादा साधला कीं तो साऱ्या चौकडीच्या उपयोगी पडतो, आणि तो दिवसभर खूष असतो. खूष असलेला मनुष्य पुढच्या वर्षीं पुन्हां येतो.

पैसा उभा राहण्याचे मार्ग अनेक आहेत. पहिला प्रवेशवर्गणीचा. दुसरा आश्रयदात्यांचा: एखादी पेढी किंवा दुकान एका होलाचा आश्रय घेतें आणि तेथें तिच्या नांवाची पाटी लागते. तिसरा म्हणजे चुकीची माफी विकण्याचा. थोडे डॉलर भरले, कीं फसलेला एक टोला पुन्हां मारण्याची परवानगी मिळते. तिला 'मलिगन' म्हणतात. शिवाय सर्वांत लांब टोल्याचें बक्षीस, सोडत, लिलांव हे प्रकार असतातच. एका होलावर बहुधा नवी मोटार उभी असते: पहिल्याच टोल्यांत जो चेंडू भोकांत घालील त्याची ती. साधारण खेळाडूच्या बाबतींत अशी गोष्ट बारा-साडेबारा हजार टोल्यांत एकदां घडते, असा अंदाज सांगतात. तरीही धोका नको म्हणून संस्था थोडा हप्ता भरून त्या मोटारीचा विमा उतरविते, आणि विमा कंपनी अंतर किती असावें व साक्षीदार कोण असावेत याचे नियम घालून देते.

या सगळ्याचा हिशेब कसा पडतो तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, एकशें चव्वेचाळीस खेळाडूंनीं प्रत्येकीं दीडशें डॉलर भरले. २१,६०० डॉलर जमले. मैदानाचें भाडें, जेवण व भेटवस्तु यांचा खर्च माणशीं शंभर डॉलर धरला, तर १४,४०० डॉलर त्यांतच गेले आणि हातांत ७,२०० राहिले. परंतु अठराही होलांना प्रत्येकीं हजार डॉलरचा आश्रयदाता मिळाला, तर शिल्लक २५,२०० डॉलरांवर जाते. म्हणजे खेळाडूंची वर्गणी बव्हंशीं त्यांच्याच पोटांत जाते, आणि खरा निधी पाट्यांवर नांवें असलेल्या आश्रयदात्यांकडून येतो. अमेरिकेच्या आयकर खात्यालाही हें ठाऊक आहे. खेळ व जेवण यांची जी किंमत होईल ती वजा जातां उरेल तेवढीच रक्कम दान म्हणून मोजली जाते. आणि मोबदला मिळणारी अशी देणगी पंचाहत्तर डॉलरांहून अधिक असेल, तर त्यांत दान किती आणि मोबदला किती हें संस्थेनें लेखी कळवावें असा नियम आहे. आपल्याच मौजेला दान म्हणवून घेण्याचा मोह सर्व देशांत सारखाच असल्यामुळें हा नियम मोठा शहाणपणाचा वाटतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. थोरला भाऊ फुकट येतो. मग पैसा कोठें जातो? तो त्या दोघांच्या मागें उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे जातो. परक्या प्रौढ माणसाच्या हातीं मूल सोंपवावयाचें म्हणजे आधीं त्या माणसाची पूर्वपीठिका तपासली पाहिजे, त्याची मुलाखत घेतली पाहिजे, आईशीं व मुलाशीं बोललें पाहिजे, आणि कोणाचें कोणाशीं जमेल याचा विचार केला पाहिजे. जोडी जुळल्यावरही काम संपत नाहीं. संस्थेची पगारी कार्यकर्ती पहिल्या वर्षांत दर महिन्याला थोरल्याला, धाकट्याला आणि पालकांना वेगवेगळें विचारते: भेटी होतात ना? कांहीं खटकतें आहे काय? मुलगा गप्प झाला असेल तर कां? १९९० नंतरच्या दशकांत एका जोडीमागें या कामाचा खर्च वर्षाला सुमारें एक हजार डॉलर येत असे. आपल्या कल्पित सामन्याची शिल्लक त्या काळच्या भावानें पंचवीस मुलांच्या एका वर्षाला पुरली असती.

एवढा खर्च करून फळ काय मिळतें, याची परीक्षा झालेली आहे. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत या संस्थेच्या आठ शाखांतील दहा ते सोळा वर्षांचीं ९५९ मुलें घेतलीं होतीं. निम्म्यांना लगेच थोरला भाऊ किंवा बहीण देण्याचें ठरलें, आणि निम्म्यांना नेहमींच्या प्रतीक्षायादींत ठेवण्यांत आलें; कोण कोठें जाईल हें चिठ्ठ्या टाकल्यासारखें केवळ दैवावर सोडलें होतें. दीड वर्षानें पाहतां थोरल्यांच्या संगतींतील मुलांत अंमली पदार्थांची सुरवात करणारांचें प्रमाण ४६ टक्क्यांनीं आणि दारूची सुरवात करणारांचें २७ टक्क्यांनीं कमी भरलें. शाळा बुडविण्याचे दिवस जवळजवळ निम्म्यावर आले. शिकवणी नाहीं, उपदेश नाहीं, केवळ नियमित सोबत. आणि तिचें एवढें फळ.

परंतु त्याच मुलांच्या माहितीचा पुन्हां अभ्यास करून २००२ सालीं जें प्रसिद्ध झालें, तें कमी सुखद पण अधिक महत्त्वाचें आहे. ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक टिकल्या त्यांतील मुलांना लाभ सर्वांत अधिक झाला. ज्या तीन महिन्यांच्या आंत तुटल्या, त्यांतील मुलांचा स्वतःविषयींचा विश्वास उलट घसरला होता. म्हणजे अर्धवट सोडलेली मैत्री ही मैत्री नसण्याहून वाईट ठरूं शकते. यांत नवल नाहीं. ज्याला एकदां कोणी सोडून गेलें आहे, त्याला दुसऱ्यानेंही सोडलें तर तो परिस्थितीला दोष देत नाहीं. आपल्यांतच कांहीं उणें आहे, असा निष्कर्ष काढतो.

आणि येथेंच सैनिक मेंटॉरांचा खरा पेंच आहे. सैनिक वचनाचा पक्का असतो, पण त्याचें ठिकाण त्याच्या हातीं नसतें. हुकूम आला कीं निघालेंच पाहिजे. मग अशा माणसाला मुलाशीं जोडावें तरी कां? जाणत्या संस्था यावर तीन तऱ्हांनीं उपाय करतात. पहिला उपाय निवडीचा: तळावर निदान वर्षभर राहण्याची शक्यता ज्याला आहे, त्यालाच घ्यावयाचें. दुसरा प्रामाणिकपणाचा: आपली बदली केव्हां तरी होणार, हें पहिल्याच महिन्यांत मुलाला सांगावयाचें, त्यापासून लपवावयाचें नाहीं. तिसरा निरोपाचा. बदलीचा हुकूम आला म्हणजे थोरल्यानें गुपचूप नाहींसें व्हावयाचें नाहीं. मुलाला भेटून, कोठें व किती दिवसांसाठीं चाललों तें सांगून, शेवटची भेट नीट घ्यावयाची, आणि जमेल तर पत्रानें किंवा टेलिफोननें ओळख ठेवावयाची. दरम्यान कार्यकर्ती नवा थोरला शोधूं लागते. मनुष्य जाणें व टाकून जाणें यांत फरक आहे, आणि तो फरक मुलाला कळावा यासाठींच ही सारी खटपट. सैनिकांच्या मुलांना तर हें शिक्षण फारच मोलाचें, कारण त्यांचें सारें बालपण निरोपांनीं भरलेलें असतें. सामन्यांतून जमलेला पैसा विकत घेतो तें हें. मैत्री त्याला विकत घेतां येत नाहीं. मैत्रीचें सातत्य मात्र राखतां येतें.

सत्काराविषयीं एक शब्द बोलला पाहिजे. खेळ आटोपल्यावर जेवणाच्या वेळीं वर्दींतल्या थोरल्या भावंडांना पुढें बोलावितात, टाळ्या होतात, स्मृतिचिन्ह देतात. यावर एक आक्षेप येऊं शकतो, कीं हा श्रीमंतांचा करमणुकीचा दिवस असून त्यांत मुलांचें दैन्य दाखविण्यासाठीं मांडलें जातें. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. व्यासपीठावर उभें करून मुलाच्या घरची दुःखें सांगावयाचीं आणि त्यावर लिलांव रंगवावयाचा, असें कोणी करील तर तो त्या मुलाचा विश्वासघातच होय. म्हणून चांगली संस्था अशा वेळीं मुलाची हकीकत मुलाच्या व आईच्या संमतीवांचून सांगत नाहीं, आणि सन्मान करते तो नियमितपणाचा: कोण किती वर्षें, न चुकतां, येत राहिला याचा. सैन्यांत शौर्याचें पदक एका क्षणाच्या पराक्रमासाठीं मिळतें. येथें जो मान मिळतो तो शेंकडों साध्या शनिवारांसाठीं असतो.

हें सारें परदेशचें वृत्त खरें. परंतु त्याच्या मुळाशीं असलेली गोष्ट आपल्याला परकी नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, इतकीं तेथील माणसें पिढ्यान् पिढ्या सैन्यांत गेलीं. बाप सीमेवर आणि मूल ओसरीवर, हें चित्र आपल्या घाटावरच्या कितीतरी घरांनीं पाहिलेलें आहे. तेथें गोत होतें, गांव होतें; बापाच्या वांट्याचें थोडेंथोडें काम दहाजण उचलीत. शहरांतील चार भिंतींच्या बिऱ्हाडांतून तें गोत आतां विरळ होत चाललें आहे. सैनिकाचेंच मूल कशाला, दिवसभर कामावर असलेल्या विधवा आईचें मूल, परगांवीं नोकरीस असलेल्या बापाचें मूल आपल्या जिन्यावरून रोज वरखालीं जात असतें. त्यासाठीं गोल्फचें मैदान लागत नाहीं, आणि मोटारीचें बक्षीसही लागत नाहीं. परंतु अमेरिकेंतल्या अनुभवांतून एवढें शिकण्यासारखें आहे, कीं अशा मुलाला हांक मारण्यापूर्वीं आपण किती दिवस येऊं शकूं याचा विचार करावा, त्याच्या आईच्या संमतीनें आणि चार माणसांच्या देखतच तें नातें जोडावें, आणि एकदां येतों म्हटलें म्हणजे जावें.